लेन्स तपासायला म्हातारा चेहरा

“मग काय, जन्मभर तोच डबा गळ्यात अडकवून हिंडायला पाहिजे होतं का मी?”

मुरलीचा आवाज चढला होता. बाजूच्या शेडमध्ये माग खडखडत होते. त्या गल्लीत साधं बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो. पण हा चढलेला आवाज मागांसाठी नव्हता.

सोनाक्का पासपोर्टचे फोटो कापत बसली होती. तिची कात्री थांबली नाही.

“कॅमेऱ्याचं मी विचारलंच न्हाई,” ती म्हणाली. “मी विचारलं, घरात आईचा एक फोटो कसा न्हाई?”

“तेच सांगतोय की मघापासनं!”

“तू मघापासनं कॅमेरा सांगतोयस.”

मुरली दिवटेनं पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढली. त्याचं डोकं तासलेलं होतं. आदल्या दिवशी आईचा दहावा झाला होता.

इचलकरंजीच्या त्या गल्लीत सोनाक्काचा स्टुडिओ पन्नास वर्षांचा. मुरली तिचा शिष्य. सतराव्या वर्षी आला, सात वर्षं राहिला, मग कोल्हापूरला गेला. तिथं आता त्याचा दुमजली स्टुडिओ आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. दोन हजारांवर लग्नं काढली त्यानं. लोक त्याची तारीख बघून मुहूर्त धरतात, असं तो स्वतःच सांगतो, आणि ते खोटंही नाही.

परवा तेरावा. पाव्हणे येणार, भिंतीवर आईच्या फोटोला हार घालणार.

आणि फोटोच नव्हता.

आधार कार्डावर होता, त्यात आई, हौसाबाई, चोरी करताना धरून आणल्यासारखी दिसत होती. लग्नांच्या घोळक्यात चार-दोन ठिकाणी होती. एकात पाठमोरी, एकात हातात अक्षतांचं ताट आणि तोंड दुसरीकडं.

म्हणून तो अक्काकडं आला होता.

अक्काचा एक रिवाज होता. शिष्याचा पहिला रोल अक्काचा. तीच तो धुणार, तीच बघणार आणि पेटीत ठेवून देणार. शिष्याला तो कधीच दिसायचा नाही. का, असं विचारलं तर ती म्हणायची, पहिलं लेकरू बघून आईसुद्धा येडी होते, तुम्ही तर पोरं.

मुरलीला पक्कं आठवत होतं. त्याच्या पहिल्या रोलमध्ये आई होती. मागाच्या कांड्यांवर सूत भरत बसलेली.

तो रोल मागायला तो आला होता. अक्का म्हणाली, देते. पण आधी खरं सांग.

तिथनं भांडण लागलं.

“हार्डडिस्क गेली, अक्का. तीनदा सांगितलं. जुनी झाली होती, बदलायची राहिली. आईचे सगळे फोटो तिच्यात होते.”

“किती व्हते?”

“शेकड्यानं होते.”

“शेकड्यानं… आणि सगळे एकाच डबीत.”

“म्हणून तर म्हणतोय! ह्या धंद्यात वेळेवर बदललं नाही की माणूस संपतो. कॅमेरा असो, लेन्स असो, डिस्क असो. मी आळस केला आणि त्याची ही शिक्षा. तुम्हाला कधी पटलंच नाही ते. तुम्हाला नवं म्हटलं की पोटात दुखतं.”

आता कात्री थांबली.

“कुणाच्या पोटात दुखतं?”

मुरलीनं मान फिरवली.

“ह्या गावात पयला रंगीत फोटो कुणी काढला रे? पुण्यास्नं कागद आणून? आणि डिजिटल पयला कुणी आणला? तुमच्या फोटोवाल्यांच्या संघटनेची मंडळी दारात हुभी राहून हसली व्हती, म्हातारीनं खेळणं आणलं म्हणून. तूबी व्हतास त्यात. मागं हुभा व्हतास, पर हसला व्हतास.”

“अक्का, ते…”

“सात कॅमेरे बदलले मी. आणि मला शिकवायला कोण व्हतं? नवरा? त्यो डार्करूमची कडी आतनं लावून घ्यायचा. मी भाईर ट्रे धुवायची. कुठल्या ट्रेला कसला वास येतो त्यावरनं शिकले मी हा धंदा. नाकानं शिकले. तू मला नवं-जुनं सांगू नगंस.”

मुरली हरला नव्हता. तो वाद घालायचा म्हणून घालतच नव्हता, त्याला तो वाद हवाच होता. त्या वादात तो शहाणा होता.

“मग तुम्हीच सांगा. पार्टी फोनवर पहिलं काय विचारते माहीत आहे? माझं नाव नाही विचारत. कॅमेरा कुठला, असं विचारते. नवरीचा मामा मोबाईलवर काय काय बघून येतो आणि मला विचारतो, सेन्सर केवढा आहे? मी तीस वर्षं फोटो काढतोय आणि त्याला सेन्सर पाहिजे!”

“दाखव की मग त्याला सेन्सर.”

“हसू नका. मागल्या वर्षी निपाणीच्या लग्नात जुन्या कॅमेऱ्यानं दगा दिला. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या आणि शटर अडकलं. दुसरा उचलेपर्यंत माळा घालून झाल्या होत्या. नवरीच्या बापानं चारचौघांत मनगट धरलं माझं. म्हणाला, परत घालायला लावू का माळा, तुझ्यासाठी?”

अक्कानं कात्री बाजूला ठेवली.

“मग बदलायलाच पायजे,” ती म्हणाली. “मीबी बदलला असता.”

मुरली चमकला. “मग भांडताय कशाला?”

“मी कुठं भांडतीया? मी फकस्त इचारलं, आईचा फोटो कुठं हाय.”

…

शेडमधला एक माग बंद पडला. बाकीचे चालू राहिले.

“पिशवीत काय हाय?” अक्कानं विचारलं.

मुरलीनं पिशवीवर हात ठेवला. “नवा आहे. परदेशातनं मागवला होता, लेन्ससकट. पाच महिने वाट बघत होतो.”

“कवा आला?”

“… चौथ्या दिवशी.”

“राख सावडली त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“पार्सल दारात आल्यावर मी काय करणार होतो, अक्का? त्या पोऱ्याला काय सांगू, सुतक आहे म्हणून?”

“मी कुठं काय म्हणाले? चालवून बघितलास?”

“नाही. सुतकात कसा…” तो जरा थांबला. “बघायला पाहिजे खरं म्हणजे. परत द्यायची मुदत पंधरा दिवसांचीच असते. एखादी लेन्स वाकडी निघते. एका बाजूला धारदार, दुसरीकडं मऊ. नीट तपासून घेतली नाही की गळ्यात पडते.”

“तपासत्यात कशी?”

एवढ्या सगळ्या बोलण्यात मुरलीचा चेहरा पहिल्यांदा खुलला. शिकवायला मिळालं की कुणाचाही खुलतो, आणि गुरूला शिकवायला मिळालं तर विचारायलाच नको.

“माणूस खिडकीत बसवायचा. उजेड बाजूनं पाहिजे. डोळ्यावर फोकस धरायचा, आता हा कॅमेरा डोळा आपोआप धरतो म्हणा. मग फोटो मोठा करून पापणी बघायची. पापणीचा केस सुटा दिसला पाहिजे. मग कानाशी पांढरे केस असतात त्यांची कड बघायची. आणि एक सांगतो अक्का, म्हातारा चेहराच लागतो. पोरींचे चेहरे गुळगुळीत, त्यांच्यावर लेन्स कळतच नाही. सुरकुतीवर कळते.”

“म्हातारा चेहरा.”

“हो. लेन्सची खरी परीक्षा तिथं.”

अक्का उठली. गुडघ्याला हात लावून उठली.

“मग मला बसव. मुदत संपायच्या आत बघून घे.”

“आत्ता?”

“माझ्यापरीस म्हातारा चेहरा कुठनं आणणार हायस?”

ती आत गेली. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसांना पाणी लावून ते चापून बसवले होते आणि पदर डोक्यावरनं घेतला होता. गालाला थोडी पावडरही होती.

“एवढं कशाला अक्का,” मुरली हसून म्हणाला. “टेस्टच आहे.”

“असू दे.”

ती खिडकीतल्या स्टुलावर ताठ बसली. हात मांडीवर, एकावर एक. पन्नास वर्षं जिनं दुसऱ्यांना सांगितलं, अंग सैल सोडा, ती स्वतः फळीसारखी बसली होती.

मुरलीनं कॅमेरा बाहेर काढला.

आता तो वेगळाच माणूस झाला. सुतक गेलं, तेरावा गेला. बोटं चाकांवर फिरायला लागली. तो एका गुडघ्यावर आला, डावीकडं सरकला, उभा राहिला.

“इकडं बघा. हं. पापणी मिटू नका. अजून एक. हनुवटी… बस. बस.”

दहा-बारा फोटो झाले. त्यानं मागचा पडदा डोळ्यापाशी नेला, फोटो मोठा केला, अजून मोठा केला.

“आई शप्पथ! अक्का, पापणीचा केस न् केस! सुरकुतीत पावडर बसलीय, तीसुद्धा दिसतेय! आणि हे कानामागचं बघा, तार वाटावी अशी कड आलीय. कोपरेसुद्धा स्वच्छ. लेन्स एकदम सरळ आहे. एकदम.”

त्याचा अंगठा खाली सरकला. एक बटन. मग दुसरं.

तो कॅमेऱ्याला टोपण लावायला लागला.

“बघू की मला,” अक्का स्टुलावरनंच म्हणाली.

“काय?”

“माझा फोटो.”

“तो… गेला की. कार्ड साफ केलं मी.” तो सहज म्हणाला. “टेस्टचा होता हो, अक्का.”

अक्का उठली नाही. हात मांडीवर तसेच होते.

“टेस्टचा व्हता,” ती म्हणाली.

माग चालू होते. मुरलीच्या हातातलं टोपण लागता लागेना. त्यानं खाली बघितलं. आपल्याच अंगठ्याकडं बघत राहिला.



“डिस्क कुठल्या साली गेली म्हणालास?”

त्यानं टोपण परत लावून बघितलं.

“मुरली.”

“डिस्क गेली नाही.”

“मग?”

“डिस्क कधी गेलीच नाही.” त्यानं कॅमेरा टेबलावर ठेवला, जपून ठेवला, तेवढं भान तेव्हाही होतं त्याला. “दर नवीन लेन्सला आईलाच बसवायचो. घरात तीच असायची. मी म्हणायचो, आई, जरा बस गं खिडकीत. दहा मिनिटं. ती बसायची. मग… कार्ड साफ करायचो. दुसऱ्या दिवशी लग्न असायचं, जागा लागायची.”

“शेकड्यानं व्हते म्हणालास.”

“शेकड्यानं होते.”

अक्कानं डोक्यावरचा पदर मागं सरकवला.

“तुला कुड्या म्हाईत हायत का तिच्या? मोत्याच्या?”

मुरलीनं मान हलवली. होय की नाही, कळलं नाही.

“आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नातसुद्धा घातल्या न्हाईत तिनं. झिजतील म्हणून. तू बसवलंस की तेवढ्या कुड्या डब्यातनं काढायची. इरकल नेसायची. पापणी बघत व्हतास न्हवं, कान कसं दिसलं न्हाईत तुला?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिनंच. तू तिला बसवलंस की आठ-पंधरा दिवसांनी कोल्हापूरास्नं यायची हितं. त्याच स्टुलावर बसायची. म्हणायची, मुरलीनं फोटू काढलाय माझा, तुमच्याकडं धुवायला दिलाय का? तिला काय, जगातले समदे फोटू सोनाक्काच धुती.”

मुरली खाली बसला. खुर्ची होती, पण तो जमिनीवर बसला.

“किती वेळा आली?”

“सा वेळा.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

अक्का स्टुलाची कड बोटानं पुसायला लागली.

“अक्का, काय सांगितलंत तिला?”

“म्हणाले, वाळायला घातल्यात.”

“सहाही वेळा?”

“साही वेळा. मागल्या बारीला ती हसली. म्हणाली, लई दमट हवा हाय वाटतं यंदा.”

मुरलीनं दोन्ही हात तासलेल्या डोक्यावर घेतले. मग एकदम वर बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते आणि त्यात राग होता.

“मग तुम्ही का नाही काढलात? हं? सहा वेळा समोर बसली होती ना? ह्याच खिडकीत? तुमच्याकडं तर सात कॅमेरे होते! मला एक फोन करता आला नाही? खोटं सांगत बसलात तिला, आणि आता मला खरं बोलायला लावताय?”

घाव वर्मी बसला. अक्का तशी उत्तराला मागं हटणारी बाई नव्हे. पण तिनं कात्री उचलली, परत ठेवली, कापलेल्या फोटोंची चळत सारखी केली.

“म्हणाले व्हते,” ती शेवटी म्हणाली. “हौसा, बस, मी काढते. दर बारीला म्हणाले.”

“मग?”

“न्हाई बसली. म्हणाली, ‘का वो? माझ्या ल्योकानं काढलाय की.’”

…

“आणि फोन?”

“फोन न्हाई केला,” अक्का म्हणाली. “केला असता तर तू म्हणाला असतास, म्हातारी जळती. जळत व्हतेबी. एवढा मोठा झालास, कदी आला न्हाईस. म्हटलं, त्याचं त्याला कळंल. त्याचं त्याला कळायला तिला मरावं लागलं. ते माझ्यावर हाय. ते मी तुझ्यावर ढकलत न्हाई.”



अक्का आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. आली तेव्हा हातात खाकी पाकीट होतं. त्यावर निळ्या शाईत नाव आणि साल. अक्षर अक्काचं, शाळेत न गेलेल्या माणसाचं, एकेक अक्षर कोरलेलं.

तिनं ते त्याच्या मांडीवर टाकलं. वर भिंग टाकलं.

“खरं बोललास. घे.”

त्यानं पाकिटातली पट्टी कडेला धरून काढली. बोट निगेटिव्हच्या पोटाला लागू दिलं नाही. ते शिक्षण इथलंच. तो खिडकीपाशी गेला आणि पट्टी उजेडाला धरली. पट्टीमागनं पट्टी. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं मनात फिरवायला त्यालाही अक्कानंच शिकवलं होतं, ते तो विसरला नव्हता.

बारा फोटोंचा जुना रोल. बारांतही आई.

आई कांडीचं चाक फिरवताना. आई सूत दातानं तोडताना. आई हात पुढं करून, नको म्हणताना. आई खो खो हसताना, मान मागं टाकून, अडतीस वर्षांची. कानात काही नाही, अंगावर कापसाचे तुसे, आणि डोळे सरळ त्याच्याकडं.

“हसतेय,” तो म्हणाला. “अक्का, बघा ना, किती हसतेय.”

“बघितलंय मी. तीस वर्षांमागं.”

त्यानं भिंग लावलं. एका फोटोवर लावलं, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. परत पहिल्यावर आला.

अक्का त्याच्या पाठीकडं बघत होती. ती पाठ हळूहळू ताठ होत गेली.

“फोकस नाही,” तो म्हणाला.

त्यानं पट्टी आणखी उजेडाला नेली.

“फोकस मागं भिंतीवर पडलाय. चुना दिसतोय, खिळा दिसतोय. आई मऊ आहे. आणि ह्यात हात हललाय… ह्यातपण. बारांतला एक धड नाही.” त्याच्या डोळ्यांतनं पाणी भिंगावर पडलं. त्यानं ते सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि भिंग पुन्हा लावलं. “एवढी हसतेय आणि एक पापणी दिसत नाही. मोठा केला की सगळा धूर होणार. दोन फुटांचा करायचाय मला, अक्का, पाव्हणे बघणार…”

तो वळला. पट्टी अजून उजेडात धरलेली. टेबलावर तो नवा कॅमेरा होता, त्याच्याकडं त्याची नजर गेली.

“नुसता विचार करा,” तो म्हणाला, “त्या दिवशी माझ्या हातात हा कॅमेरा असता तर…”

“तर ह्यो फोटूबी पुसला असतास.”